दिंडी दरवाज्याच्या आतली नोकरी

तुरुंगाच्या पहारेकऱ्याने भ्याडपणा दाखवला तर त्यालाच तुरुंगात टाकता येईल, अशी तरतूद इंग्रज सरकारने १८९४ साली केली. त्या वर्षीच्या तुरुंग कायद्याचे ५४ वे कलम जेलर आणि त्याच्या हाताखालच्या सगळ्यांसाठी आहे. कामात कसूर केली, रजा संपून वेळेत हजर झाला नाही, परवानगीशिवाय दुसरीकडे काम धरले, दोन महिन्यांची लेखी सूचना न देता नोकरी सोडली किंवा भ्याडपणा केला, तर दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोनशे रुपये म्हणजे त्या काळच्या शिपायाची कित्येक महिन्यांची कमाई.

पहारेकऱ्यावर हात उगारणाऱ्या कैद्याला त्या कायद्यात शिक्षा आहे. पण पहारेकऱ्याने सलग किती तास उभे राहायचे, आठवड्याची सुट्टी कधी, जखमी झाला तर उपचार कोणी करायचे आणि जिवानिशी गेला तर त्याचे घर कोणी चालवायचे, यांचा तिथे पत्ता नाही. कर्तव्यांची यादी मात्र लांबलचक आहे. जेलरने तुरुंगातच राहायचे, अधीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय एक रात्रही बाहेर काढायची नाही. हाताखालच्यांनी रजेशिवाय हलायचे नाही. कैद्यांशी किंवा तुरुंगाच्या ठेक्यांशी कसलाही व्यवहार ठेवायचा नाही. यातली बरीच बंधने योग्यच होती आणि आजही आहेत. खटकते ते एवढेच की, सव्वाशे वर्षे या नोकरीची एकच बाजू लिहिली गेली.

स्वातंत्र्याच्या सुमारास दुसरी बाजू लिहायला घेतली गेली तेव्हाही तुरुंगाचा माणूस बाहेरच राहिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ कोणाला म्हणायचे ते सांगताना सैन्य आणि पोलिसांबरोबर तुरुंगातला अधिकारी आणि ‘इतर कर्मचारी’ही वगळलेला होता. गिरणीतल्या साचेवाल्यापासून बंदरातल्या हमालापर्यंत अनेकांना तो कायदा लागू झाला, तुरुंगाच्या शिपायाला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने बरेच काही बदलले, पण हे वगळणे जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालू ठेवले.

धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर इथली गोष्ट थोड्या आडवाटेने येते, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते. १८५३ च्या तहात वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडे गेला आणि फिलिप मेडोज टेलर तिथे कारभारी म्हणून आला. बोरी नदीच्या काठच्या त्या किल्ल्यातून त्याने १८५७ पर्यंत जिल्हा चालवला. १८६० मध्ये नळदुर्ग निजामाला परत मिळाले आणि १९०४ च्या सुमारास ठाणे धाराशिवला हलले. टेलरला हा मुलूख नवा नव्हता. तरुणपणी, १८२९ च्या आसपास, तुळजापूरच्या बाजूला पोलिसी काम करताना ठगांची प्रकरणे त्याच्या कानावर आली होती. त्याच अनुभवातून १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली आणि विलायतेत गाजली. कादंबरीत पकडलेला ठग बोलत राहतो आणि साहेब ऐकत राहतो. त्या ठगावर ज्याचा पहारा असेल, त्याची गोष्ट तिथे कोणी विचारत नाही.

मराठीतही तेच झाले. आपल्या भाषेचे तुरुंगाशी नाते फार जुने आणि फार मोलाचे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने अंदमानचा जेलर बारी आणि त्याचे जमादार घराघरांत पोचवले. हे सगळे बंदिवानांनी लिहिले, आणि ते राजबंदी असल्याने त्यांच्या बाजूला न्याय होता. समोरचा पहारेकरी परक्या सरकारच्या पगारावर होता. मनात काय आहे ते लिहून ठेवण्याइतकी ना त्याला सवड होती, ना पुष्कळदा अक्षरओळख. म्हणून मराठी वाचकाच्या मनात तुरुंगाचा शिपाई एक तर बारीचा हस्तक असतो, नाही तर गुपचूप चिठ्ठी पोचवणारा भला माणूस. नोकरी करणारा, संसार असलेला, आजारी पडणारा माणूस म्हणून तो या पुस्तकांत फारसा येत नाही.

सांगलीचेच उदाहरण घ्या. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी तिथला तुरुंग फोडला. पहारेकऱ्यांना पकडून त्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि किल्ल्याच्या तटावरून उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. स्वातंत्र्यलढ्यातले हे पान सोन्याचे आहे आणि राहील. पण त्या दुपारी ज्यांच्या हातून बंदुका गेल्या, ते सांगली संस्थानचे तुटपुंज्या पगाराचे शिपाई होते. त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न चाळीस वर्षांनी दादा मुख्यमंत्री असतानाही कोणी विचारल्याचे दिसत नाही. मानाचे पान लिहिताना ही एक ओळ घातली असती तर त्या पानाला कमीपणा आला नसता.

धाराशिवच्या मातीने त्या काळात तुरुंगाला दोन फार वेगळी माणसे दिली. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. १९३८ च्या सत्याग्रहापासून हैदराबाद संस्थान संपेपर्यंत ते वारंवार निजामाच्या तुरुंगात गेले. आणि तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला कासिम रझवी वकिली करत होता. तो पुढे रझाकारांचा म्होरक्या झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचले, चार-पाच दिवसांत निजामाने हात टेकले, स्वामीजी सुटले आणि रझवी गजाआड गेला. शेवटी त्याला येरवड्याला ठेवले होते. तिथून तो १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. येरवडा म्हणजे १८७१ पासूनचे कारागृह. १९२२ मध्ये गांधीजी तिथे प्रथम आले, १९३२ चा पुणे करार तिथल्याच भिंतींआड ठरला.

आता त्या फाटकावरच्या शिपायाचा विचार करा. आपल्या नोकरीच्या काळात त्याने महात्म्यावरही पहारा दिला असेल आणि मारेकऱ्यांच्या नायकावरही. दोघांनाही तीच भाकरी, तेच टाळे, तीच मोजणी द्यायची. कोण चांगला, कोण वाईट, हे ठरवायचे नाही. ते न्यायाधीशाने ठरवलेले असते, किंवा अजून ठरायचे असते. या नोकरीचा पाया हाच आहे आणि तो सोपा नाही. आतल्या माणसाबद्दलचा राग किंवा दया हातापर्यंत येऊ द्यायची नाही, तेही रोज, तीस वर्षे.

पहारा स्वस्तात उरकण्याची वृत्ती मात्र सरकार बदलले तरी बदलली नाही. मेकॉले ज्या समितीत होता, त्या १८३८ च्या तुरुंग समितीने खालच्या नोकरवर्गातल्या लाचखोरीवर बोट ठेवले होते. त्यावर इलाज म्हणून पगार वाढवून चांगली माणसे घ्यायला हवी होती. इंग्रजांनी दुसरा मार्ग काढला. कैद्यांतूनच काही जणांना वॉर्डर, मुकादम करून बाकीच्यांवर ठेवले. १८९४ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने तर अशा कैद्यांना सरकारी नोकराचा दर्जाही दिला. पगार द्यायला नको, घर द्यायला नको, निवृत्तिवेतन द्यायला नको. कार्ड्यू समितीने १९१९-२० मध्ये देशभरचे तुरुंग पाहून या पद्धतीवर टीका केली, पगारी आणि शिकलेले पहारेकरी हवेत असे सांगितले. पद्धत कमी झाली, पुरती गेली नाही.

जिल्हा कारागृहातला दिवस कसा जातो हे बाहेरच्या फार थोड्यांना माहीत असते. उजाडता उजाडता बराकी उघडतात आणि मोजणी होते. रात्री बंद केलेला आकडा आणि सकाळचा आकडा जुळला, तरच पुढचे काम. फाटके दोन असतात, आणि एक उघडे असताना दुसरे उघडायचे नाही हा पहिला धडा. दोन्हींच्या मधल्या अंधाऱ्या जागेत नोंदवही, किल्ल्यांचा जुडगा आणि झडती. आत जाणारा प्रत्येक माणूस दिंडी दरवाज्यातून वाकून जातो आणि तिथेच त्याचे खिसे, चपला, डबा तपासले जातात. शिपायाचीही झडती होते. दुधाची किटली, भाजीची टोपली, नव्या कैद्याचे अंथरूण यांतले काही हात लावल्याशिवाय आत जात नाही. मग मुलाखती. जाळीपलीकडे बायको, मुले, म्हातारे वडील, आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. त्या गलक्यात कोण रडतेय, कोण धमकी देतेय आणि कोण सांकेतिक काही सांगतेय, हे उभ्या शिपायाने ओळखायचे. न्यायालयात न्यायच्या कैद्यांना पोलिसांच्या हवाली करायचे, संध्याकाळी परत मोजून घ्यायचे. नव्याने आलेला पोरगा रात्री गळफास लावून घेईल का, यावर डोळा ठेवायचा. दिवेलागणीच्या आत पुन्हा मोजणी, पुन्हा टाळी, आणि मग रात्रपाळीवाल्याच्या फेऱ्या.

या सगळ्या वेळात बराकीत शिरणाऱ्या शिपायाच्या हातात बंदूक नसते. ती तटावरच्या किंवा फाटकावरच्या पहाऱ्याकडे. आत शस्त्र नेले तर ते हिसकावले जाण्याची भीती, म्हणून हा नियम, आणि तो शहाणपणाचाच आहे. त्याचा अर्थ असा की, पन्नास-साठ माणसांच्या बराकीत तो फार तर एका लाठीच्या आणि आपल्या वागणुकीच्या भरवशावर असतो. जुने हवालदार नव्या पोरांना सांगतात: आवाज चढवू नको, शब्द दिला तर पाळ, आणि घर कुठे आहे ते कोणाला सांगू नको.

शेवटची सूचना जिल्ह्याच्या ठिकाणी पाळता येत नाही. मोठ्या शहरात शिपाई गर्दीत हरवून जातो. धाराशिवसारख्या गावात आतल्या कैद्याचा भाऊ आणि शिपायाचा मुलगा एकाच शाळेत असतात, एकाच आठवडी बाजारात भेटतात. कोणाला मुलाखत लवकर मिळाली नाही, कोणाची तंबाखू झडतीत काढून घेतली, याचा हिशेब बाजारात मांडला जातो. ही भीती कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

महिला शिपायांचे ओझे आणखी वेगळे. कायद्याप्रमाणे स्त्री कैद्याची झडती स्त्रीनेच घ्यायची. लहान कारागृहात महिला विभाग एका बराकीचा असतो आणि त्यासाठी महिला कर्मचारी मोजक्या. कैदी दोन असोत की वीस, दिवसरात्र कोणीतरी हवेच. एकीला बाळंतपणाची रजा मिळाली की दुसरीची साप्ताहिक सुट्टी गेली.

आकडे पाहिले की हे ओझे कुठून येते ते कळते. आदर्श कारागृह नियमावलीने सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असे म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या कारागृहांची क्षमता अलीकडच्या वर्षांत साधारण पंचवीस हजारांची आणि आत कैदी चाळीस हजारांच्या आसपास. सहास एक धरले तर नुसते पहारेकरी साडेसहा हजारांहून अधिक लागतील. आणि अगदी अलीकडेपर्यंत राज्याच्या कारागृह विभागाची मंजूर पदेच पाच हजारांच्या आसपास होती, त्यांत लिपिकही आले, डॉक्टरही आले, आणि त्यांतली बरीच रिकामी. देशभरचे चित्रही असेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने नोंदवले की, गेली कित्येक दशके तुरुंगांतली ३० ते ४० टक्के पदे कायम रिकामी राहिली आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतले तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. खटले रखडतात न्यायालयांत, गर्दी होते बराकीत, आणि त्या गर्दीला तोंड देतो शिपाई.

न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने हे १९८३ मध्येच सरकारला सांगितले होते. तुरुंग नोकरांचे पगार आणि सवलती पोलिसांच्या बरोबरीने करा, त्यांना नीट शिक्षण द्या, अखिल भारतीय तुरुंग सेवा उभारा. तशी सेवा आजही उभी राहिलेली नाही. महाराष्ट्रात कारागृह विभागाची वरची सूत्रे भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्याकडे असतात, आणि तो काही वर्षांत बदलून जातो. त्यांतल्या काहींनी मनापासून कामे केली. पण आयुष्यभर बराकीत घालवलेल्या माणसाचा अनुभव धोरण ठरते त्या टेबलापर्यंत फार क्वचित पोचतो.

काही अघटित घडले की मात्र सगळ्यांचे लक्ष जाते, आणि तेही दोषी शोधण्यापुरते. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी गज कापून, चादरी बांधून भिंतीपलीकडे गेले. लगोलग निलंबने झाली. चौकशी व्हायलाच हवी होती. कारागृहात मोबाईल कसे शिरले, कोणी डोळेझाक केली, हे कळायलाच हवे होते. पण त्या रात्री किती पहारेकरी असायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती होते, या प्रश्नाची चर्चा निलंबनांइतकी झाली नाही. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहाच्या भिंतीवरून गांजा आणि मोबाईलची पाकिटे आत फेकल्याच्या बातम्याही येतात. भिंतीबाहेरून कोणी फेकतो, आत कोणी झेलतो, आणि पाकीट सापडले की मधल्या शिपायावर दोन्ही बाजूंनी संशय.

भोपाळचे प्रकरण तर याहून वाईट. २०१६ च्या दिवाळीच्या रात्री तिथल्या मध्यवर्ती कारागृहातून आठ कच्चे कैदी पळाले, आणि पळताना त्यांनी पहाऱ्यावरच्या एका हवालदाराचा गळा चिरला. काही तासांत ते आठही जण चकमकीत मारले गेले आणि देशभर वाद पेटला. ती चकमक खरी की खोटी, हा प्रश्न महत्त्वाचा होता, तो विचारणारे चुकले नाहीत. पण महिनोन्महिने चाललेल्या त्या वादात मारल्या गेलेल्या हवालदाराच्या वाट्याला फार थोडे शब्द आले. सणाच्या रात्री तो इतका एकटा का होता, एवढे तरी विचारायला हवे होते.

न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये तिथल्या कैद्यांनी हालअपेष्टांविरुद्ध बंड केले आणि पहारेकऱ्यांना ओलीस धरले. पाचव्या दिवशी सरकारने गोळीबार करून तुरुंग परत घेतला. त्यात २९ कैदी आणि १० ओलीस मेले, आणि ते ओलीसही सरकारी गोळ्यांनीच. विधवांना नुकसानभरपाईचे छोटे धनादेश आले, दुःखात असलेल्या बायकांनी ते वटवले, आणि मग त्यांना सांगण्यात आले की, हे पैसे घेतल्यामुळे सरकारवर दावा करण्याचा तुमचा हक्क संपला. त्या घरांना पुढे एकत्र यायला आणि झगडायला कित्येक वर्षे लागली. २००५ मध्ये राज्याने १ कोटी २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. कैद्यांचे हाल आणि पहारेकऱ्यांची उपेक्षा या एकाच कारभाराच्या दोन बाजू असतात, हे ॲटिकाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

कोरोनाच्या दिवसांत महाराष्ट्रालाही त्याची चुणूक मिळाली. एप्रिल २०२० मध्ये आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा ही कारागृहे पूर्ण बंद करण्यात आली. नेमून दिलेले अधिकारी-कर्मचारी आतच राहणार, बाहेरचा कोणी आत येणार नाही, अशी व्यवस्था झाली. पुढे आणखी काही कारागृहांत तसेच झाले. शिक्षा न झालेली माणसे आठवडेच्या आठवडे कैद्यांबरोबर बंद राहिली. तरीही मे महिन्यात आर्थर रोडमध्ये शंभराहून अधिक जणांना लागण झाली आणि त्यांत कर्मचारीही होते. टाळ्या-थाळ्या वाजल्या त्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, पोलिसांसाठी. कारागृहाच्या शिपायाचे नाव त्या यादीत क्वचितच आले. एक कारण असेही की, खाकी पाहून लोक त्याला पोलीसच समजतात. गावाकडे तर ‘पोरगं पोलिसात आहे’ असेच सांगतात.

या सगळ्यात एक गोष्ट लपवून चालणार नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिवान स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिला मारहाण केल्याच्या आरोपावरून सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. मेलेली स्त्री स्वतः वॉर्डर म्हणून नेमलेली कैदी होती. असे गुन्हे लपवले गेले, तर या नोकरीच्या हक्कांबद्दल बोलायला तोंड उरणार नाही. कर्मचाऱ्यांची सुरक्षितता म्हणजे मारहाणीला पांघरूण नव्हे. उलट थकलेला, प्रशिक्षण न मिळालेला, वरिष्ठांपुढे तक्रार मांडायची सोय नसलेला माणूस जेव्हा शंभर जणांसमोर एकटा उभा केला जातो, तेव्हा पहिला बळी बहुतेक वेळा कैद्याचाच जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारलेल्या तुरुंगविषयक किमान नियमांना सत्तावीस वर्षे कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचे नाव दिले. आणि त्याच नियमांत तुरुंगाच्या नोकरांना कायम नोकरी, पुरेसा पगार आणि कष्टांना साजेशा सेवाशर्ती मिळाव्यात, असेही लिहिले आहे.

हे हक्क मागायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपाई रस्त्यावर आले, सैन्य बोलवावे लागले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. त्यानंतर गणवेशातल्या कोणाचीही संघटना म्हटले की सरकारला धडकी भरते. ब्रिटनमध्ये तुरुंग अधिकाऱ्यांची संघटना १९३९ पासून आहे. तिथे १९९४ च्या कायद्याने त्यांचा संप बंद केला, पण संघटना राहिली, ती हल्ल्यांची नोंद ठेवते, सरकारशी बोलणी करते. संप करू नये आणि बोलूच नये, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात त्यांतला फरक अजून नीट केला गेलेला नाही.

आणि तरीही या नोकरीसाठी रांगा आहेत. २०२४ च्या मोठ्या पोलीस भरतीत कारागृह शिपायांची १,८०० पदे होती आणि त्यांसाठी ३ लाख ७२ हजारांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेला दोनशेवर. धाराशिव, बीड, लातूरच्या पोरांना भरती म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनला भाव नाही, मग पहाटे तुळजाभवानी स्टेडियमवर किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर १,६०० मीटरची तयारी. पोलीस, राज्य राखीव दल, कारागृह, जिथे नाव लागेल तिथे. यादीत नाव लागले की गुलाल उधळला जातो. निवडलेला मुलगा पुढे कोणत्या जिल्ह्यात जाईल, त्याला घर मिळेल का, पहिल्या वर्षी बराकीत कोणाच्या हाताखाली शिकेल, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

केंद्राने २०२३ मध्ये कारागृहे आणि सुधारात्मक सेवांचा नवा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्रानेही तसे विधेयक आणले. कायदा बदलला की नियम बदलतात, आणि नियमांतच नोकराचे खरे आयुष्य लिहिलेले असते. कामाचे तास, जोखीम भत्ता, हल्ल्यानंतर उपचार आणि रजा, मृत्यूनंतर कुटुंबाचे घर किती दिवस राहील, मनावरच्या ताणासाठी समुपदेशक, हे सगळे तिथे आकड्यांसह यायला हवे.

त्यासाठी थांबायचीही गरज नाही. प्रत्येक कारागृहाला अभ्यागत मंडळ असते. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि गावातले काही जाणते लोक त्यात असतात. ते ठरावीक दिवसांनी आत जातात, बराकी पाहतात, स्वयंपाकघरातली डाळ चाखतात आणि कैद्यांना तक्रारी विचारून शेरा लिहितात. धाराशिवच्या मंडळाने पुढच्या भेटीत आणखी एक गोष्ट करावी. वरिष्ठांना बाजूला ठेवून शिपायांशी अर्धा तास बोलावे, आणि त्याच शेरेबुकात लिहावे: या महिन्यात मंजूर किती, हजर किती, बारा तासांहून जास्त कामावर किती जण होते, साप्ताहिक सुट्टी कितींची बुडाली, हल्ले किती झाले आणि जखमींवर उपचार कुठे झाले. हा शेरा जिल्हा न्यायाधीशांच्या सहीने वर गेला की तो फाईलखाली दाबणे सोपे नसते. एका जिल्ह्याने सुरुवात केली तर बीड, लातूर, परभणीला तेच करायला नवा शासननिर्णयही लागणार नाही.